मोरचुदाचं पाणी

रोज सकाळी भांग पाडताना त्याला ते पत्र आठवायचं. आठवणारच, ते आरशाच्याच मागे खोचलेलं होतं आणि त्याचा एक कोपरा त्याच्या उजव्या कानाजवळून डोकावत असायचा. पत्र बायकोचं होतं. बाळंतपणाला ती आईकडे गेली होती, तिकडे मुलगी झाली, आणि आता तिनं चार ओळी धाडल्या होत्या. 'मुलगी मान धरायला लागली. कान तुमच्यासारखे आहेत, बाहेर आलेले. न्यायला कधी येता ते कळवा. यायचं नसेल तर तेही कळवा, वाट बघायचं काम तरी वाचेल.'

उत्तर एका शब्दाचं होतं. 'येतो.' पण तो एक शब्द त्याच्या हातून कागदावर उतरत नव्हता. भांग पाडून झाला की तो आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायचा आणि कामाला जायचा.

घरात त्याला साहेब म्हणत. साहेबी त्याच्याकडे कशाचीच नव्हती. कळप दोघा भावांचा, घर दोघांचं आणि अंगाचा वासही दोघांचा एकच. पण थोरला उठल्या उठल्या तसाच मेंढ्यांत शिरायचा; हा आधी साबणानं तोंड धुवायचा, केसांना तेल लावायचा, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावायचा आणि मग लेंड्यांत उतरायचा.

"या साहेब, या," थोरला म्हणायचा. "मेंढ्या कधीच्या खोळंबल्यात दर्शनाला."

साहेबाला माणसांची घाण वाटे. थोरला बाहीला नाक पुसतो त्याची, वहिनी चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवते त्याची. 'माणसं जनावरांसारखी राहतात' हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते बोलताना त्याचा वरचा ओठ एका बाजूला मुरडायचा. वहिनी ती मुरड बघून म्हणायची, "भाऊजी, सांभाळा. एखादे दिवशी ओठ तसाच राहील."

त्या वर्षी कुरणातलं पाणी हटलंच नाही. मेंढ्या चिखलात चरल्या, चिखलात बसल्या, आणि खूर सडायला लागले. आधी एक म्हातारी मेंढी लंगडली, मग तिच्या मागची, मग निम्मा कळप गुडघ्यांवर चरायला लागला. कातरणी अर्धी होऊन थांबली. लंगडी दिसेल ती वेगळी काढायची, उलटी करून मांडीत आवळायची, चाकूनं खुराचं कुजलेलं तासून काढायचं आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तिचे पाय बुडवून धरायचे. खुरातून जो वास यायचा, तो साबणानं जात नव्हता. दिवस मावळेपर्यंत पाठीचा कणा वाकलेला तो वाकलेलाच राहायचा.

या धंद्यात एकच नियम. लंगडी ती वेगळी. दया दाखवून एक जरी आत ठेवली, तर कळप गेला.

साहेबाचा घात झाला तो या नियमानं. पण त्याच्याही आधी, खूर सडायच्या आधी, तो पहिल्या कातरणीचे गठ्ठे घेऊन लोकरीच्या शेडवर गेला होता.

शेडमध्ये लोकर निवडणारी एक बाई होती. नवऱ्यानं टाकलेली, चाळिशीची, दंडानं भक्कम. लोकरीच्या चिकटानं तिचे हात कोपरापर्यंत चकाकायचे. लोकर चिमटीत धरायची, ताणायची, आणि डोळे दुसरीकडेच ठेवून या नाहीतर त्या ढिगावर फेकायची. तिनं त्याचा गठ्ठा सोडला, लोकर फळीवर पसरली आणि म्हणाली, "ही तू कातरलीस? एकही दुहेरी काप नाही, एका जागी दोनदा कात्री लागलेली नाही. हात चांगला आहे तुझा."

त्याच्या हाताला चांगलं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. बायको जाऊनही बरेच दिवस झाले होते. बाकीची माणसं चहाला गेली होती. मग जे झालं ते लोकरीच्या ढिगामागे झालं, आणि खरं सांगायचं तर फारसं काही झालंच नाही. तिनं त्याला जवळ ओढलं, त्यानं तिचा मुका घेतला, तिचा हात त्याच्या विजारीवरून फिरला, आणि तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. साहेब असा काही उडाला की ढीगच अंगावर आला. ती हसत सुटली. त्याच्या केसांतली लोकर वेचून देत म्हणाली, "बटणं तरी बघ. सगळी लागलेलीच आहेत."

घरी येताना तो वाटेत थुंकत आला. अशा बायका, असं तो मनाशी म्हणत होता. अशा बायकांकडे वाकणाऱ्याला काय म्हणतात, हा प्रश्न काही त्याला वाटेत पडला नाही.

प्रकरण तिथंच विरलं असतं. पण गठ्ठे न्यायला आलेल्या ट्रकवाल्यानं चहा पिता पिता बातमी सोडली. "ती तुमची निवडणारी दवाखान्यात होती. तोंड हे एवढं सुजलेलं. आता तिच्यासारखीला काय होणार, तुम्हीच सांगा." आणि त्यानं डोळा मारला.

थोरला ट्रकवाल्याला म्हणाला, "तुझ्या तोंडाला काही झालं तर आम्ही कुणाचं नाव घ्यायचं?" आणि दोघं हसले. साहेब हसला नाही. त्याला दवाखान्याच्या भिंतीवरचं एड्सचं पोस्टर दिसायला लागलं. लाल अक्षरं आणि हाडाचा सापळा. अक्षरांत काय लिहिलं होतं ते त्यानं कधी वाचलं नव्हतं. सापळा मात्र चांगला बघितला होता.

त्या संध्याकाळपासून तो स्वतःला मेंढीसारखा तपासायला लागला. जीभ बाहेर काढून बघ, काखेत चाचप, जांघेत चाचप. चाचपून चाचपून जांघ दुखायला लागली, तर दुखतंय म्हणून आणखी चाचप. आणि मग, ज्याचा धंदा मेंढरांचा त्यालाच सुचावं असं त्याला सुचलं. लागणाऱ्या रोगाला औषध काय? मोरचूद. बादली तर रोज भरलेलीच असते.

मेंढ्यांच्या कुंपणामागे, खुरांसाठी कालवलेल्या त्या जहाल निळ्या पाण्यानं त्यानं स्वतःला धुतलं. खूर लवकर बरा व्हावा म्हणून पाय बुडवून धरतात, तसा चांगला दम धरून बसला. शिवाय चूळही भरली. चुळीनं पोटातलं सगळं बाहेर आलं. बाकीच्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. कातडी लाल झाली, मग फोड आले, मग ते फुटले. रोज त्याच पाण्यानं त्याची बोटं चिरत होती. बोटांच्या चिरांना तो मोरचुदाच्या चिरा म्हणायचा. पण हे फोड बघून त्याला मोरचूद आठवला नाही. त्याला पुरावा मिळाला. रोग वर आला, म्हणाला. म्हणून रोज पुन्हा धुऊ लागला.

तो पाय फाकून चालायला लागला. थोरल्यानं चाकू पुसत त्याची चाल बघितली.

"घ्या. हाही लंगडला. धर गं याला, उलटा करू."

"दादा, गप बस."

"खूर दाखव म्हणतो."

वहिनीला वेगळंच दिसत होतं. हा आपलं ताट वेगळं ठेवायला लागला होता, पेला वेगळा, पंचा वेगळा. झोपायलाही लोकरीच्या माळ्यावर गेला. "इतके दिवस आमच्या भांड्यांची घाण वाटत होती," ती म्हणाली. "आता आमच्या छपराचीही वाटायला लागली. बांधा की एक बंगला शेजारी."

त्यांच्यापासून स्वतःला नाही, आपल्यापासून त्यांना जपतोय, हे तो बोलू शकत नव्हता. आणि खरं म्हणजे वेगळं ताट मांडून बसताना त्याला आतून थोडं बरंही वाटायचं. कुणासाठी तरी त्याग करतोय असं. माणसाला भीतीतही मिरवता येतं.

एकदा त्यानं उत्तर लिहिलंही. 'कळपाला खुरांचा आजार आहे. हात मोकळा नाही. थोडं थांब.' प्रत्येक अक्षर खरं होतं, आणि एकूण सगळं खोटं. ते पाकिटात घालून तो पोस्टात गेला. तिथल्या लाकडी फळीवर खळीचं भांडं असायचं. त्या दिवशी खळ वाळून तिला भेगा गेल्या होत्या.

"खळ नाही," पोस्टमास्तर म्हणाला. "थुंकी लाव."

साहेब पाकिटाची झडप धरून उभा राहिला. त्याला दिसलं ते असं: बायको बोटानं पाकीट फाडते आहे, ते बोट तसंच मुलीच्या तोंडात जातं आहे, आणि मुलगी चोखते आहे.

"अरे, लाव की. जीभ नाही का तुला?"

"आहे."

"आण इकडे." पोस्टमास्तरानं हात पुढे करून जीभ बाहेर काढली. साहेबानं पाकीट हिसकावून घेतलं आणि तो बाहेर पडला. "आजार नाही रे मला," पोस्टमास्तर मागून ओरडला. "चांगली जीभ आहे!"

ते पाकीट चुलीत गेलं.

मग मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, सुतारकाम करणारा, कमी बोलणारा पोरगा. तो आला तेव्हा साहेब एक मेंढी मांडीत आवळून बसला होता. सोडून उठावं तर मेंढी पळेल, न उठावं तर पाहुण्याचा अपमान. तो तसाच बसून राहिला.

"दाजी, ताईचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"मग?"

चाकूनं खुरातलं पिवळं पाणी बाहेर आलं. मेव्हण्यानं नाकाला हात लावला नाही. तो नुसता बघत उभा राहिला.

"मुलगी झाली म्हणून राग आहे का? असेल तर तोंडानं सांगा. आम्ही समजून घेऊ, म्हणजे तुम्ही कसे आहात ते."

हीच वेळ होती. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. पण त्यापाठोपाठ 'मग काय?' आलं असतं. साहेबानं मान खाली घालून दुसरा खूर धरला. मुलगी नको असलेला बाप म्हणवून घेणं त्याला त्यातल्या त्यात अब्रूचं वाटलं.

"बरं," मेव्हणा म्हणाला. "तिकडे विणकामाच्या कारखान्यात जागा आहे. पुढच्या आठवड्यात ताई कामाला लागतेय. एकदा लागली की ती यायची नाही, दाजी. मी ओळखतो तिला." वहिनीनं दिलेला चहा त्यानं उभ्यानंच घेतला, पेला स्वतः विसळून पालथा ठेवला आणि गेला.

थोरला शेजारीच खूर तासत होता. मेव्हणा वळणापलीकडे गेल्यावर त्यानं हातातला चाकू जमिनीत रोवला. "मेंढीला मादी झाली तर कळप वाढला म्हणतोस. आणि बाईला झाली तर मान खाली घालतोस? मी नाक बाहीला पुसतो रे साहेब. पण एवढा घाणेरडा मी नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात गेला. तो गेला तो मुलीसाठी गेला असं म्हणायला छान वाटेल. खरं तर फोड आता चालू देत नव्हते. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि सकाळपासून पोरांचे घसे बघून कंटाळल्या होत्या.

"काय झालं?"

"चूक झाली."

"ती सगळ्यांची होते. कुठे दुखतंय?"

अडखळत अडखळत त्यानं सांगितलं. बाई मध्येच थांबवत राहिल्या. "म्हणजे तोंडाला तोंड. मग?"

"हात."

"कुणाचा?"

"तिचा. वरून."

"कपड्यांवरून? आणि कपडे?"

"अंगावरच होते."

"सगळे?"

"हो."

"बाहेर माणसं बसली आहेत आणि तू मला हे सांगायला आलास?" मग त्यांनी पडदा ओढला, बघितलं आणि चष्मा काढला. "हे कशानं झालं?"

"तोच रोग."

"काय लावलंस?"

"...मोरचूद. मेंढ्यांचा."

बाईंनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. "याला रोग म्हणत नाहीत. याला अक्कल गहाण टाकणं म्हणतात. मलम देते, आणि ती बादली मेंढ्यांना ठेव. त्यांना निदान खूर आहेत. आता नीट ऐक. ज्या रोगाला तू भितोस तो असा लागत नाही. मुका घेऊन नाही, कपड्यांवरून हात लावून नाही. ताटानं नाही, पेल्यानं नाही, थुंकीनं नाही. भिंतीवर लिहून ठेवलंय सगळं. वाचता येतं ना?"

"येतं. पण रक्त तपासलं तर..."

"गरज नाही. पण तुझं तोंड बघता काढलेलं बरं."

तपासणीचा कागद आला तेव्हा त्यात काही नव्हतं. त्यानं तो पुढून वाचला, मागून वाचला. "बाई, पण हे कागदवालेच चुकले असतील तर?"

"पुढचा," बाई दाराकडे बघून म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तो भिंतीजवळ थांबला. पोस्टरवर सापळ्याच्या खाली बारीक अक्षरांत, कशानं रोग होत नाही ते सगळं होतं. त्यानं ते वाचलं, मान हलवली, आणि मनात म्हणाला: मग तिचं तोंड का सुजलं?

म्हणून तो शेडवर गेला.

निवडणारी तिच्या फळीशी उभी होती. सूज नव्हती. हात आपले चालले होते, चिमूट, ताण, फेक. त्याला बघून तिनं नजर वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"साहेब आले. गठ्ठे कुठेत?"

"गठ्ठे नाहीत." "तुम्ही दवाखान्यात होतात म्हणे."

"होते. दाढ काढली. किडली होती." तिनं गाल बोटानं ओढून मागची खाच दाखवली. "दोन रात्री भिंतीला डोकं आपटलं. का रे? बघायला आलास?"

त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं असं काही पसरलं, की आंधळ्यालाही वाचता यावं. तिचे हात थांबले.

"अच्छा," ती म्हणाली. "हे होय. तुला वाटलं, मी तुला काहीतरी दिलं."

"तसं नाही..."

"रक्त तपासलंस का?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस तू रोज माझी आठवण काढलीस तर. बरं वाटलं ऐकून. माझं तोंड सुजलं, तर तुझ्या जिवाला घोर लागला. माझ्या नाही, तुझ्या." तिनं लोकरीचा एक झुपका उचलला, ताणला. "तू गेल्यावर त्या दिवशी मी काय केलं, सांगू? चूळ भरली. तुझ्या तोंडाला मेंढीचा वास येत होता. तेल लाव, साबण लाव, खाली मेंढीच. पण मी काही कुणाकडे जाऊन तुला घाणेरडा म्हटलं नाही. मलाही तोच वास आहे, जन्म लोकरीत गेला माझा."

शेडमध्ये दुसरी दोन माणसं गठ्ठे शिवत होती. त्यांचे दाभण चालायचे थांबले होते.

"बायको कुठे आहे तुझी?"

"आईकडे. मुलगी झाली."

"आणली नाहीस?"

"म्हटलं, तिला काही व्हायला नको..."

"तिला सांगितलंस तसं?"

"नाही. तिला वाटतंय की मुलगी झाली म्हणून..."

"आणि तू तसं वाटू दिलंस."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा वरचा ओठ एका बाजूला मुरडला. ती मुरड साहेबाच्या ओळखीची होती. रोज आरशात बघत होता तो. दुसऱ्याच्या तोंडावर ती केवढी मोठी दिसते, हे त्याला आज कळलं.

"बाजूला हो," ती म्हणाली. "चांगल्या लोकरीवर उभा आहेस."

घरी येऊन त्यानं सदरा काढला आणि तो थोरल्यासमोर बसला. थोरल्याच्या मांडीत मेंढी होती. साहेबानं तिचे मागचे पाय धरले.

"दादा, मुलगी झाली म्हणून नव्हतं ते."

"मग?"

त्यानं सांगितलं. सांगायला फार काही नव्हतंच, ते तो दवाखान्यात शिकला होता. थोरला खूर तासता तासता ऐकत होता. मोरचुदाचा भाग आला तेव्हा त्याचा चाकू थांबला.

"बुडवून बसलास?"

"हो."

"मेंढीला धरतो तेवढा वेळ?"

"जास्त."

थोरला हसायला लागला. असा हसला की मेंढी त्याच्या मांडीतून निसटली आणि तीन पायांवर उड्या मारत कुंपणाकडे गेली. वहिनी दारात येऊन विचारू लागली काय झालं, तर त्याला बोलता येईना. मग एकाएकी त्यानं डोळे पुसले, बाहीलाच, आणि तोंड गंभीर केलं.

"मला कशाला सांगतोस? मी काय तुझी बायको आहे? जा, आधी मेंढी पकड."

त्यानं मेंढी पकडली. तिचे पाय धुतले. मग आरसा सरळ केला, मागचं पत्र काढलं आणि उजेड होता तोवर उंबऱ्यात बसून लिहिलं.

'तुझ्या भावाला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी आलो नाही. मी तसं वाटू दिलं. ते खोटं आहे. खरं काय ते त्याच्याहून हलकं आहे आणि त्यात माझी चूक आहे. समोर येऊन सांगेन. शनिवारी निघतो. ऐकून झाल्यावर यायचं की नाही ते तू ठरव. कारखान्याला मी नाही म्हणणार नाही. मी येईन तेव्हा तिच्या कानांवर टोपी ओढू नकोस. मला बघायचे आहेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच तो पायरीवर होता. पोस्टमास्तरानं त्याला ओळखलं.

"ये. आज खळ भरली आहे. ताजी. तो काय ब्रश."

भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पांढरं, वाफ येणारं. साहेबानं त्याच्याकडे बघितलं. मग पाकीट तोंडाशी नेलं, जीभ बाहेर काढली आणि डिंकावरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. चव गोडसर होती आणि मागाहून कडू. तिकिटालाही तशीच फिरवली. अंगठ्यानं दोन्ही दाबून बसवली.

"अरे, खळ आहे म्हटलं ना!" पोस्टमास्तर म्हणाला, आणि त्यानं ओठ मुरडला. "शी. काय एकेक माणसं."

"हो," साहेब म्हणाला, आणि पाकीट पेटीत टाकलं.